कारखान्याच्या वासाची तक्रार करताय? या चुका टाळा

आमच्या चेंबूरच्या सोसायटीने वासाची पहिली तक्रार केली तेव्हा अर्जात एकच ओळ होती: 'कंपनीमुळे श्वास घेणे अशक्य झाले आहे.' खाली पन्नास सह्या. पाहणीला साहेब आले ते सकाळी साडेअकराला. गच्चीवर उभे राहिले, दोनदा श्वास ओढला. वासाचा मागमूस नाही. सुर्वेकाकू हळूच म्हणाल्या, "रात्री या ना, साहेब." शेरा पडला: वास आढळला नाही.

साहेबांचं काही चुकलं नव्हतं, आमचंच चुकलं होतं. मुंबईत दुपारी वारा साधारण पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो आणि रात्री उशिरा जमिनीवरून समुद्राकडे वळतो. हिवाळ्यात तर रात्री जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडते, धूर वर जातच नाही. त्यामुळे पूर्वेकडचं युनिट रात्री दोनला छळतं आणि सकाळी निर्दोष सुटतं. तक्रारीत वेळ आणि वाऱ्याची दिशा हवीच.

काकूंनी मग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाच्याच चौकोनात लिहायला सुरुवात केली: 'रा. 1.40, कुजक्या अंड्यासारखा, 20 मि.' गॅलरीच्या ग्रिलला जुन्या ओढणीची पट्टी बांधली, ती कुठल्या बाजूला उडते तेही लिहिलं. वास नसेल त्या दिवशी फुली. या फुल्यांचा कंटाळा करू नका, त्यांच्यामुळेच बाकीच्या नोंदींवर विश्वास बसतो.

'एक्यूआय तर ठीक आहे' म्हणून गप्प बसणं

एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक. त्या आकड्यात आठच घटक मोजतात: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. कुजक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड त्यात नाही, बेंझिनही नाही. चेंबूरजवळच्या माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांचं प्रकरण पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं, तिथेही मुद्दा बेंझिनसारख्या हवेत उडणाऱ्या सेंद्रिय रसायनांचा होता. 2020 मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून 286 कोटींची भरपाई बसवली. शिवाय नाक सरावतं. "गेला वाटतं" असं घरातलं माणूस म्हणालं, तर नुकत्याच बाहेरून आलेल्याला विचारा.

घरचं न तपासता कंपनीवर खापर

आमच्या दोन नोंदी खोट्या निघाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमधला नहाणीचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठवून गटाराचा वास अडवणारा भाग, कोरडा पडला होता आणि गटाराचा वायू वर येत होता. दोन तांबे पाणी ओतलं, काम झालं!

स्वयंपाकाच्या गॅससारखा वास आला, तर मात्र वही काढायची नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही आणि बाहेर पडून 101 ला फोन. 19 सप्टेंबर 2019 च्या रात्री चेंबूरपासून पवईपर्यंत असा वास पसरला होता, तेव्हा कितीतरी लोक आधी व्हॉट्सअॅपवर विचारत बसले.

चुकीच्या खिडकीत अर्ज

कारखान्याचा धूर आणि वास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. बांधकामाची धूळ पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात किंवा 1916 वर. पालिकेच्या ऑक्टोबर 2023 च्या नियमांप्रमाणे 70 मीटरपेक्षा उंच बांधकामाभोवती किमान 35 फुटी पत्रे लागतात. तेवढे नसतील तर फोटो काढा. कारखान्याच्या बाबतीत मंडळाने दिलेल्या कन्सेंटची, म्हणजे कारखाना चालवायच्या परवानगीची, प्रत मिळवा. चिमणीची उंची, इंधन, स्क्रबर (बाहेर पडणारा वायू धुऊन काढणारं यंत्र), सगळं त्यात लिहिलेलं असतं. स्क्रबर बसवलेला असणं आणि रात्री त्याचा पंप चालू असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पाहणीत नेमकं हेच विचारा.

घरात उदबत्ती लावून वास दाबू नका, धुरात धूरच वाढतो. एन-95 मास्क किंवा एअर प्युरिफायरमधला नुसता हेपा फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही. त्यासाठी कोळशाचा फिल्टर लागतो आणि तोही वेळेवर बदलावा लागतो.

दुसऱ्या अर्जाला आम्ही कालनिर्णयाच्या दोन पानांचे फोटो जोडले. या वेळी पाहणी रात्री साडेबाराला झाली. साहेबांनी जिन्यातच रुमाल काढला.