टी-२ पेशींवर पेप्टाइड चढत नाही? या चुका टाळा

टी-२ ही प्रयोगशाळेत वाढवली जाणारी मानवी पेशी; एखादं पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) एचएलए-ए२ या पृष्ठभागावरच्या रेणूत बसतं का, हे तिच्यावर तपासतात. पेप्टाइड दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींचे आलेख फ्लो सायटोमीटरवर (पेशींवरची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) एकमेकांवर बसले, की खापर पेप्टाइडवर फुटतं. त्याआधी तापमान तपासा.

नेहमीच्या पेशीत प्रोटिअसोम या तोडणाऱ्या यंत्रणेने केलेले प्रथिनांचे तुकडे टॅप या वाहक प्रथिनातून एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या कप्प्यात शिरतात आणि एमएचसी वर्ग १ या, तुकडे पृष्ठभागावर दाखवणाऱ्या रेणूच्या खोबणीत बसतात. एचएलए-ए२ हा त्याचाच एक मानवी प्रकार. टी-२ पेशीत टॅपच नाही. त्यामुळे पृष्ठभागावर एचएलए-ए२ कमी असतं आणि जे रिकामं पोहोचतं ते ३७ अंशांवर फार टिकत नाही. बाहेरून योग्य पेप्टाइड मिळालं, तरच रेणू सावरतो. आपण मोजतो ती हीच वाढ.

रिकामे रेणू टिकावेत म्हणून पेशी रात्रभर २६ अंशांवर ठेवतात. २६ म्हणजे 'रूम टेंपरेचर' नव्हे! एप्रिलच्या दुपारी कोल्हापुरात पारा ३५ च्या वर जातो, तेव्हा टेबलावरच्या फ्लास्कचं काय होणार? बीओडी इन्क्युबेटर (थंड करून तापमान स्थिर ठेवणारी पेटी) वापरा. मात्र त्यात कार्बन डायऑक्साइड नसतो, बायकार्बोनेटचं माध्यम अल्कधर्मी होऊन गर्द गुलाबी होत जातं. २५ मिलिमोलर हेपीस (आम्लता स्थिर ठेवणारं बफर) घाला आणि झाकण घट्ट लावा.

याच्या उलट चूकही होते. २६ अंशांवरून पेशी थेट अँटिबॉडीने रंगवायला घेतल्या, तर रिकामे रेणूही मोजले जातात आणि कंट्रोल (पेप्टाइड न दिलेल्या पेशी) फुगतो. आधी ३७ अंशांवर दोन तास ठेवा, मग बर्फावर अँटिबॉडी द्या.

पेप्टाइड देताना माध्यमात सीरम नको, त्यातली एन्झाइम्स पेप्टाइड कुरतडतात. मानवी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (वर्ग १ रेणूचा छोटा जोडीदार, तो त्याला स्थिर ठेवतो) मात्र मिलिलीटरला ३ मायक्रोग्रॅम घाला. डीएमएसओ या द्रावकात केलेल्या १० मिलिमोलर साठ्यातून (स्टॉकमधून) ५० मायक्रोमोलर केलं, की डीएमएसओ ०.५ टक्के होतं; तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही हवं. हे विसरलात तर तुलनेला अर्थ नाही.

जुलैत आणखी एक घोळ. उणे २० मधून काढलेली कुपी लगेच उघडली, की दमट हवेचं पाणी भुकटीवर बसतं आणि वजन चुकतं. कुपी बंदच ठेवून डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या. साठा छोट्या भागांत गोठवा. सिस्टीन असलेल्या पेप्टाइडची जास्त काळजी घ्या, ती ऑक्सिडाइज होऊन जोड्या बांधतात.

एवढं करूनही आलेख हलत नसेल, तर पेप्टाइडचा क्रम पाहा. ए२ ला साधारण नऊ अमिनो आम्लं, दुसऱ्या जागी ल्युसीन किंवा मेथिओनीन आणि शेवटी व्हॅलीन किंवा ल्युसीन मानवतं. सोबत फ्लू विषाणूच्या मॅट्रिक्स प्रथिनातला ५८ ते ६६ हा तुकडा ठेवा. तोही चढला नाही तर दोष पद्धतीत आहे.

पेशी रंगवायला वापरली जाणारी बीबी७.२ अँटिबॉडी ए२ किती आहे ते सांगते, त्यात कुठलं पेप्टाइड बसलंय ते नाही. तसं नेमकं दाखवणारी २५-डी१.१६ ही अँटिबॉडी उंदराच्या एच-२केबी या वर्ग १ रेणूमधल्या ओव्हाल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन) पेप्टाइडसाठी आहे. ती सी५७ ब्लॅक ६ या उंदीर-जातीच्या पेशींवर चालते, बाल्ब-सी जातीच्या नाही; त्यांच्यात एच-२केबी नसतं.