कराटे-ज्युडोचा ड्रेस घालून घराबाहेर पडताना

संध्याकाळी सहाच्या सुमारास पुणे, ठाणे, नाशिक किंवा कोल्हापुरात एखाद्या शाळेच्या किंवा सोसायटीच्या हॉलबाहेर उभे राहिले, की पांढरा ड्रेस घातलेली आणि कमरेला पिवळा, नारिंगी, हिरवा बेल्ट बांधलेली मुले पालकांच्या स्कूटरवरून उतरताना दिसतात. या ड्रेसचा त्यांना अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. मात्र घर आणि क्लास यांच्या मधल्या रस्त्यावर हा ड्रेस कसा वागवावा, हे त्यांना फारसे कुणी सांगत नाही. माझ्या मते नियम सोपा आहे. पॅन्ट घरून घालून निघाले तरी चालते. जॅकेट रस्त्यावर एक तर झाकलेले असावे किंवा पिशवीत असावे. बेल्ट मात्र क्लासमध्येच बांधावा आणि क्लासमध्येच सोडावा.

मुळात हा सरावाचा पोशाख आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही ज्युडोची संस्था सुरू केली आणि पकड व फेक यांचा ताण सोसेल असा जाड सुती पोशाख त्या परंपरेत घडत गेला. पुढे जपानच्या ओकिनावा बेटावरच्या गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत कराटेची प्रात्यक्षिके दाखवली आणि त्यानंतरच्या वर्षांत कराटेनेही त्याच पोशाखाचे हलके रूप स्वीकारले. जपानमध्ये साधारणपणे दोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, पोहोचल्यावरच कपडे बदलतात. आपल्याकडे बरेच क्लास शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात किंवा पार्किंगच्या जागेत चालतात, तिथे कपडे बदलायला आडोसाही नसतो आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला एकट्याने ड्रेस चढवताही येत नाही. त्यामुळे जपानी पद्धत जशीच्या तशी पाळा, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तिच्यामागची कारणे समजून घेऊन आपल्या सोयीने ती पाळता येते.

पहिले कारण स्वच्छतेचे आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. मॅटवर सगळे अनवाणी असतात. ज्युडोत तर जमिनीवरची पकड सुरू झाली, की एकाचा गाल दुसऱ्याच्या बाहीवर आणि तिसऱ्याने नुकत्याच सोडलेल्या मॅटवर घासला जातो. ज्या पॅन्टने आपण बसच्या सीटवर बसलो, रिक्षातून उतरताना चिखल उडवून घेतला किंवा वाटेत वडापावच्या गाडीशी टेकून उभे राहिलो, तीच पॅन्ट मॅटवर आली, की रस्त्यावरची घाण सगळ्यांच्या अंगाला लागते. गजकर्णासारखे बुरशीचे त्वचारोग अंगाला अंग लागून आणि दमट कपड्यांतून पसरतात, आणि एका मुलाला झाले की महिनाभर क्लासमध्ये फिरत राहतात. म्हणून घरून पॅन्ट घालून निघणार असाल, तर तिच्यावरून सैल ट्रॅक पॅन्ट चढवावी आणि क्लासच्या दारात ती काढून ठेवावी. एवढे केले तरी निम्मा प्रश्न सुटतो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे आणि ते विशेषतः बेल्टला लागू पडते. नीट बांधलेल्या बेल्टची दोन्ही टोके गाठीखाली वीतभर लोंबतात; लहान मुलाला पुढे पुरेल म्हणून मोठ्या मापाचा बेल्ट घेतला असेल, तर ती गुडघ्यापर्यंतही येतात. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जाळी बसवलेली असते, पण स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाच्या बेल्टकडे कुणाचे लक्ष नसते. बेल्ट कापडाच्या अनेक थरांचा आणि दाट शिलाईचा असतो, तो अडकला तर सहजासहजी तुटत नाही. सरकते जिने आणि लोकलची गर्दी इथेही हाच धोका आहे. दुचाकीवर बेल्ट बांधून बसायचेच नाही, हा नियम पालकांनी कोणतीही सवलत न देता पाळावा.

बेल्ट रस्त्यावर न मिरवण्याचे आणखीही एक कारण आहे. बेल्टचा रंग ज्याला कळतो तो क्लासमध्येच असतो. तिथे सर आणि सोबतचे विद्यार्थी यांना त्यावरून समजते, की या मुलाला काय येते आणि त्याच्याशी किती जोराने सराव करावा. रस्त्यावरच्या माणसाला यातले काहीच कळत नाही, शिवाय खेळाच्या दुकानात काळा बेल्टही पैसे देऊन कुणालाही मिळतो. वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या स्पर्धांत एक खेळाडू लाल आणि दुसरा निळा बेल्ट बांधून उतरतो, त्याचा स्वतःचा दर्जा बेल्टवरून दिसतच नाही. जागतिक स्पर्धेच्या मॅटवर जे दाखवायची गरज पडत नाही, ते भाजी मंडईत दाखवून काय साधणार?

आता प्रत्यक्ष निघण्याची तयारी. आत अंगाबरोबरचा साधा टी-शर्ट, खाली ड्रेसची पॅन्ट आणि तिच्यावर ट्रॅक पॅन्ट, असे निघावे. जॅकेटची घडी घालताना ते पलंगावर पाठ खाली करून पसरावे आणि दोन्ही पल्ले एकमेकांवर नीट बसवावेत. दोन्ही बाह्या आत दुमडाव्यात, मग दोन्ही कडा मध्यापर्यंत आणून लांबट पट्टा करावा आणि खालून कॉलरच्या दिशेने घट्ट गुंडाळत न्यावे. पॅन्टही नेणार असाल, तर गुंडाळण्याआधी तिची उभी घडी त्या पट्ट्यावर ठेवावी. शेवटी बेल्ट मधोमध दुमडून त्या गुंडाळीला दोन वेढे द्यावेत आणि गाठ मारावी. अशी गुंडाळी शाळेच्या दप्तरातही मावते, चुरगळत नाही आणि बेल्ट घरी विसरण्याची शक्यता उरत नाही. कराटेच्या हलक्या ड्रेसला हे सहज जमते. स्पर्धेच्या ज्युडो ड्रेसचे कापड दर चौरस मीटरला ६५० ते ७५० ग्रॅम वजनाचे असते, त्यामुळे त्याला वेगळी सॅकच लागते.

ज्यांना जॅकेट घरूनच घालावे लागते त्यांनी वरून झिपचे जर्किन किंवा विंडचीटर घालावे. मुलींनी आणि त्यांच्या आयांनी पावसाळ्यात याची विशेष काळजी घ्यावी, कारण पांढरे सुती कापड भिजले की पारदर्शक होते आणि अंगाला चिकटते. आतला टी-शर्ट जाड, पांढरा आणि पूर्ण मापाचा असावा. भिजलेल्या ड्रेसने मॅटवर उतरण्यापेक्षा त्या दिवशी ट्रॅक पॅन्ट आणि टी-शर्टवर सराव करण्याची परवानगी सरांकडे मागावी. समजूतदार सर ती नाकारत नाहीत. पायात सहज काढता येतील अशा चपला असाव्यात, आणि हॉलबाहेरच्या नळावर पाय धुऊन, पुसूनच मॅटवर पाऊल ठेवावे.

परतताना घाई होते आणि सगळे नियम तिथेच मोडतात. घामाने भिजलेले जॅकेट घालून दुचाकीवर वारा घेत जाणे बरे नाही आणि त्याच अवस्थेत किराणा दुकानात किंवा उपाहारगृहात शिरून लोकांच्या शेजारी बसणेही योग्य नाही. कोरडा टी-शर्ट सोबत ठेवावा, जॅकेट बदलावे आणि घरी पोहोचताच सॅकमधून बाहेर काढावे. रात्रभर सॅकमध्ये राहिलेल्या ड्रेसला जो कुबट वास लागतो, तो एका धुण्यात जात नाही.

कधीतरी ड्रेसवरच बाहेर थांबावे लागतेच. अशा वेळी प्लॅटफॉर्मवर किंवा नाक्यावर एखादा टोळका “ए कराटेवाल्या, एक किक दाखव की” असे म्हणून डिवचण्याची शक्यता असते. मुलाला आधीच सांगून ठेवावे, की यावर काहीही दाखवायचे नाही, उलट उत्तर द्यायचे नाही, “आता क्लास संपला” एवढे म्हणून चालत राहायचे आणि कुणी मागे लागलेच तर जवळच्या दुकानात किंवा पोलिसांपाशी जाऊन उभे राहायचे. छातीवर क्लासचे चिन्ह असते, त्यामुळे रांग मोडणे, रस्त्यावर कचरा टाकणे किंवा आपसात खोटी मारामारी करणे हेही सगळे क्लासच्या नावावर जमा होते.

भर रस्त्यात पूर्ण ड्रेस शोभून दिसतो असेही प्रसंग आहेत. २६ जानेवारीची प्रात्यक्षिके, गुढीपाडव्याची शोभायात्रा, शाळेचा क्रीडा महोत्सव या ठिकाणी ड्रेस अवश्य घालावा आणि नीट घालावा. जॅकेटचा डावा पल्ला उजव्यावर यावा. उजवा पल्ला वर घेण्याची पद्धत जपानमध्ये मृताला कपडे नेसवताना पाळतात, त्यामुळे जाणकाराच्या नजरेत ही चूक लगेच भरते. बेल्टची दोन्ही टोके सारखी असावीत. मार्च-एप्रिलच्या उन्हात डांबरावर मुलांना अनवाणी चालवू नये. चालताना सगळ्यांनी पांढरे बूट घालावेत आणि प्रात्यक्षिकाच्या जागेवर आधी काचा-खडे पाहून, सतरंजी अंथरून मगच ते काढावेत. बेल्ट तिथे पोहोचल्यावरच बांधावा, हा नियम इथेही लागू आहे.

शेवटी शस्त्रांविषयी, कारण ड्रेसबरोबर ती असली की पाहणाऱ्याचा समज बदलतो. नानचाकू (साखळीने किंवा दोरीने जोडलेल्या दोन आखूड काठ्या), काठी, लाकडी तलवार ही साधने हातात घेऊन किंवा बेल्टमध्ये खोचून रस्त्याने जाऊ नये. ती बंद पिशवीत असावीत, सोबत क्लासचे ओळखपत्र असावे आणि लहान मुलांची साधने मोठ्यांनीच वाहावीत. स्पर्धेसाठी विमानाने जाताना ती हातातल्या सामानात चालत नाहीत, म्हणून चेक-इनच्या बॅगेत टाकावीत आणि बॅग देण्याआधी विमान कंपनीला विचारून घ्यावे. ड्रेस मात्र हातातल्या सामानातच ठेवावा, म्हणजे बॅग उशिरा आली तरी पहिल्या फेरीला उतरता येते.