ट्रेडमिलवर चालत काम कसं करावं: आधी टेबल, मग पाय

माझ्या ओळखीतल्या चौघांनी कामाच्या टेबलाखाली ठेवायला ट्रेडमिल घेतली. त्यातल्या तिघांची आता भिंतीला टेकवून उभी आहे. तिघांची तक्रार एकच, "चालता चालता टाइप होत नाही गं." मी तिघांकडे जाऊन टेबल पाहिलं. तिन्ही टेबलं दोन-तीन सेंटिमीटर उंच होती.

मी भाषांतराचं काम करते, म्हणजे दिवसभर कीबोर्ड. गेली पाच वर्षं त्यातले दोन-अडीच तास मी पट्ट्यावर असते. पहिल्या दीड महिन्यात मीही यंत्र भिंतीला लावायच्या बेतात होते. ते का, हे या लेखात सविस्तर येईल. बाकीचं सोपं आहे, ते भराभर उरकते.

यंत्र

दांडी नसलेलं, बुटकं, ज्याला वॉकिंग पॅड म्हणतात ते घ्या. धावायच्या मोठ्या ट्रेडमिलचे कठडे टेबलाच्या आड येतात. शिवाय तिला तासन्तास अगदी कमी वेगात चालवणं तिच्या मोटरला मानवेलच असं नाही. बऱ्याच यंत्रांत थंड करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो, त्यामुळे मोटर सावकाश फिरली की पंखाही सावकाश, आणि मोटर तापते. सलग किती वेळ चालवायचं हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. तेवढंच चालवा.

पट्टा 40 सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको. टाइप करताना आपण पायांकडे पाहत नाही आणि पाऊल थोडं इकडेतिकडे पडतंच. यंत्राचा प्लग एक्स्टेन्शन बोर्डात न घालता थेट भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये घाला. खाली रबरी चटई टाका. पायात सपाट तळाचे बूट. अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चालायची हौस एका दिवसात फिटते, तळव्यांची सालं निघतात.

काही पॅडना एक "हुशारी" असते: तुम्ही पट्ट्यावर पुढे सरकलात की वेग आपोआप वाढतो. ही सोय पहिल्याच दिवशी बंद करा. मी केली नव्हती. एका पीडीएफमधली बारीक तळटीप वाचायला पुढे वाकले, पाऊल नकळत पुढे पडलं आणि यंत्राला वाटलं, बाईंना घाई आहे. मी आणखी पुढे, ते आणखी जोरात. शेवटी टेबलाला मिठी मारून पाय दोन्ही बाजूंच्या न हलणाऱ्या पट्ट्यांवर घेतले तेव्हा सुटले. सेफ्टी क्लिप, म्हणजे ओढली गेली की यंत्र थांबवणारी दोरीची क्लिप, असेल तर कपड्याला लावा. नसेल तर रिमोट टेबलावर, नेहमी त्याच जागी, न बघता हात जाईल असा ठेवा.

टेबलाची उंची

आता मुख्य गोष्ट.

उंचीचं सूत्र सगळीकडे एकच सांगतात: सरळ उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा, हात येतील तिथे कीबोर्ड. मी अगदी तसंच केलं. बूट घालून, पट्ट्यावर उभी राहून, टेपने मोजून. पट्टा सुरू झाला आणि स्पेसबार माझं ऐकेनासा झाला. अंगठा आपोआप आपटायचा आणि शब्द मधेच तुटायचे. "परिस्थिती"ची "परि स्थिती", एका पानात वीस-वीस वेळा. हे थांबवायला मी हात घट्ट रोवायला लागले, म्हणजे तळहाताची टाच टेबलाच्या कडेवर दाबून धरायची आणि फक्त बोटं हलवायची. टायपिंग सुधारलं. मला वाटलं, जमलं.

आठवड्याभरात दोन्ही मनगटांवर टेबलाच्या कडेचा लाल वळ उमटायला लागला. तिसऱ्या आठवड्यात उजवा खांदा कानाकडे चढला तो उतरेचना. मी उशी बदलली. झोपायची कूस बदलली. ट्रेडमिलवर संशय आला नाही, कारण चालल्याने पाय दुखतील, खांदा कशाला दुखेल?

उलगडा झाला तो फोनमुळे. काम करताना बाजूने स्वतःचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला. पडद्यावर जी बाई दिसली ती चालत नव्हती, हातगाडी ढकलत होती. अंग पुढे झुकलेलं, भार तळहातांवर, पाय मागून फरपटत. ट्रेडमिलचा पूर्वज तुरुंगातला आहे: 1818 च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचं एक मोठं चाक बनवलं होतं. कैदी समोरच्या आडव्या दांड्याला धरून त्यावर चढत राहायचे. माझी दोन मिनिटं साधारण त्याच जातीची होती.

चूक सूत्रातच आहे, कारण ते उभ्या माणसाचं माप आहे. चालताना दोन्ही पाय एकमेकांपासून लांब जातात त्या क्षणी कंबर थोडी खाली येते, भार एका पायावर आला की पुन्हा वर जाते. सावकाश चालीत हा फरक दोनेक सेंटिमीटरचा असतो. कोपरं कंबरेबरोबर खालीवर होतात, कीबोर्ड जागचा हलत नाही. उभं राहून घेतलेलं माप म्हणजे या हेलकाव्याचं वरचं टोक. त्या मापाला टेबल लावलं की प्रत्येक पावलाला टेबलाची कड खालून हाताला टोचते. ते चुकवायला आपण खांदे उचलतो, नाहीतर सरळ टेबलावर रेलतो. मी दोन्ही करत होते.

म्हणून माप चालतानाच घ्या. कामाच्या वेगात पट्टा सुरू करा आणि हात बाजूला सोडून, समोर बघत दोन मिनिटं नुसतं चाला. खांदे सैल होऊ द्या. मग खांदे न उचलता कोपरं वाकवा आणि टेबल हळूहळू खाली आणा. बटणाचं असेल तर स्वतः, नसेल तर कोणाला तरी मदतीला घेऊन पट्टा थांबवत थांबवत. बोटं सहज कळांवर पडली आणि कोपर काटकोनापेक्षा किंचित उघडं राहिलं की थांबा. माझं टेबल उभ्याच्या मापापेक्षा पूर्ण तीन सेंटिमीटर खाली आलं. कोणाचं दोन येईल, पण वर जाणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

आता कीबोर्ड कडेपासून वीतभर आत सरकवा. हात पूर्ण हवेत तरंगत ठेवायचे नाहीत, अर्ध्या तासात ते भरून येतात. मनगटाच्या चार बोटं मागचा भाग टेबलाला हलका लागू द्या. एवढ्याशा स्पर्शानेही हात स्थिरावतो. भार मात्र पावलांवरच राहिला पाहिजे, आणि तो तिथे आहे की नाही हे दोन प्रकारे कळतं. एक: टाइप करताना तळहाताखाली कोरा कागद ठेवा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. सुळकन निघाला पाहिजे. दोन: चालता चालता एकदम दोन्ही हात टेबलावरून उचला. चाल तशीच राहिली तर ठीक. तोल पुढे गेला तर तुम्ही रेलत होतात, टेबल परत लावा.

मनगटाखाली ठेवायची ती फुगीर स्पंजची पट्टी चालताना वापरू नका. कितीही जणांनी शिफारस केली तरी नाही. ती रेलण्याचं आमंत्रण आहे.

पट्ट्यावर कुठे चालायचं, हेही एकदा ठरवून टाका. फार मागे राहिलात तर हात ताणावे लागतात, फार पुढे गेलात तर बुटाचं टोक मोटरच्या झाकणाला लागतं. पोट आणि टेबलाची कड यांत वीतभर अंतर राहील अशी जागा शोधा आणि तिच्या सरळ रेषेत बाजूच्या पट्टीवर रंगीत चिकटपट्टी लावा. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती दिसत राहते आणि आपण मागे सरकत चाललो आहोत हे वेळेत कळतं.

स्क्रीन

लॅपटॉप तसाच टेबलावर ठेवून चालत काम करायचं असेल तर ट्रेडमिल घेऊच नका. मान खाली घालून चालणं म्हणजे पडायची तयारी. स्क्रीन वर आणि कीबोर्ड वेगळा, यात तडजोड नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हातभर लांब. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर स्क्रीन आणखी थोडी खाली घ्या, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी वर करून चालत राहाल आणि मान धरेल. अक्षरं एरवीपेक्षा एक-दोन पायऱ्या मोठी करा.

टेबलाचा कुठलाही पाय यंत्राला टेकता कामा नये. टेकला तर प्रत्येक पाऊल स्क्रीनपर्यंत पोचतं आणि तासाभरात डोकं धरतं. लांब हाताचा मॉनिटर-स्टँडही मी काढून टाकला, तो गवताच्या पात्यासारखा डुलायचा.

वेग

टायपिंगला ताशी 1.6 ते 2 किलोमीटर. वाचायला, ऐकायला 2.5 पर्यंत. "सुरुवात 3 ने करा" असं सांगणाऱ्याने पट्ट्यावर एक परिच्छेद तरी लिहिला आहे का, ही शंका मला नेहमी येते. उलट भीतीपोटी एकच्या खालीही जाऊ नका. इतक्या संथ चालीत एका पायावर फार वेळ उभं राहावं लागतं आणि शरीर डुलतं.

वेग कमी म्हणून हिरमुसू नका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे संशोधक जेम्स लेव्हाइन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ताशी सुमारे 1.8 किलोमीटरच्या चालीत किती ऊर्जा खर्च होते हेच मोजलं होतं: बसून काम करताना तासाला सरासरी 72 किलोकॅलरी, चालत काम करताना 191. प्रयोगातली माणसं पंधराच आणि सगळी स्थूल होती, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नका, पण फरक किती आहे ते दिसतं. दहा हजार पावलांचं ओझंही घेऊ नका. तो आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या, नावातच "दहा हजार पावलं" असलेल्या एका पाऊलमापकामुळे रुळला. 1.8 च्या चालीत, पाऊल 45 सेंटिमीटरचं धरलं, तर तासाला चार हजार पावलं होतात. बस झाली.

पहिल्या आठवड्यात एका वेळी वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. पुढे पाऊण तास चाला, पाऊण तास बसा. बसायचं म्हणजे बसायचं, त्यात लाज नाही. आठ-आठ तास चालण्याच्या बढाया ऐकून उत्साहात येऊ नका, टाचा आपल्या असतात. चक्कर येण्याचा त्रास, हृदयाचं दुखणं किंवा गुडघ्यांचं जुनं प्रकरण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

कोणतं काम

ईमेल, वाचन, पहिला मसुदा, नुसतं ऐकायच्या मीटिंग: चालत. आकड्यांचे तक्ते, चित्रावरचं बारीक काम, जिथे माउस नेमका चौकटीत न्यायचा असतो ते सगळं: बसून. चालताना टायपिंगपेक्षा माउस जास्त दगा देतो. पॉइंटरचा वेग कमी करा, कळांचे शॉर्टकट शिका. मी चेंडूवाला माउस घेतला, ट्रॅकबॉल. तो जागचा हलत नाही, फक्त अंगठा फिरतो. एवढ्या बदलाने माझ्या चुकीच्या क्लिक निम्म्याहून कमी झाल्या. मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की पट्टा थांबवा. तुम्हाला ऐकू येत नसला तरी पावलांचा धपधप आवाज समोरच्यांना ऐकू जातो, आणि कॅमेऱ्यात डोकं डुलताना दिसतं ते वेगळंच.

उतरणं

आधी पट्टा पूर्ण थांबू द्या. मग टेबलाला हात लावून दहापर्यंत मोजा. पहिले काही दिवस जमीन पुढे सरकत असल्यासारखी वाटते. घाबरू नका, पण लगेच जिना उतरायलाही जाऊ नका. आणि फोन वाजला म्हणून चालत्या पट्ट्यावरून बाजूला उडी मारायची नाही. मारलीत तर एकदाच माराल.

देखभाल

हवा कोरडी असेल तर चालून अंगात स्थिर वीज साठते आणि लॅपटॉपच्या धातूला हात लावताच चटका बसतो. माझा कीबोर्ड एकदा त्यानेच हँग झाला होता. आता मी आधी टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावते. पट्टा एका बाजूला सरकायला लागला तर मागच्या स्क्रूला षटकोनी पान्याने पाव फेरा द्या, दोन मिनिटं चालवून बघा, मगच पुढचा पाव फेरा. एकदम पूर्ण फेरा दिला की पट्टा दुसऱ्या कडेला जाऊन घासतो. पट्ट्याखाली फक्त सिलिकॉन तेल, तेही पुस्तिकेत सांगितलं असेल तेव्हा आणि तेवढंच. घरात असेल ते दुसरं कुठलंही तेल घालू नका. आठवड्यातून एकदा मोटरच्या झाकणाभोवतीची धूळ काढा, प्लग काढून.

प्लग तर रोजच काढा. घरात लहान मूल असेल तर रिमोट त्याच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर खिळ्याला टांगा.