तुर्कमेनिस्तानात कॅमेरा घेऊन जाताना

तुर्कमेनिस्तानचं विमान तिकीट शेवटी काढा. आधी निमंत्रणपत्र. तिथल्या परवानाधारक पर्यटन कंपनीमार्फत तुमचा अर्ज त्यांच्या स्थलांतर खात्याकडे जातो आणि तो मंजूर झाला की मगच व्हिसाचं पुढे सरकतं. यात काही आठवडे सहज जातात, आणि कारण न सांगता नकार येतो असंही होतं. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीत चौकशी करा. दिवस निवडताना एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. देशाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग काराकुम वाळवंटाचा आहे आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो.

सामान बांधताना

कार्डांवर विसंबू नका, डॉलरच्या कोऱ्या, न चुरगळलेल्या नोटा न्या. सरकारी भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांत मोठी तफावत असते. कुणी गल्लीत बोलावून नोटा बदलून देतो म्हणालं तर जाऊ नका. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बहुतेक समाजमाध्यमं आणि मेसेजची ॲप तिथे बंद असतात, त्यामुळे नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि चार दिवस निरोप आला नाही तर घाबरू नका, असं घरी सांगून ठेवा.

ड्रोन घरीच ठेवा. लांबचं जवळ आणणारी हातभर लांबीची टेलिफोटो लेन्सही नको, ती लांबूनच नजरेत भरते. एक कॅमेरा, एक वाइड लेन्स, एक ३५ किंवा ५० मिमी, लेन्सवरची वाळू उडवायला ब्लोअर आणि दोन-तीन जादा मेमरी कार्डं एवढं पुरतं.

पहिल्या संध्याकाळी गाईडशी बोला

पर्यटक व्हिसावर बहुतेक ठिकाणी गाईड सोबत असतो. त्याला पाळत ठेवणारा समजून चुकवायचे प्रयत्न करणारे प्रवासी मी पाहिलेत. मला ते अजिबात पटत नाही. एक दिवस राजधानी अश्गाबादमध्ये मी एका कारंज्याचा फोटो घेतला. मागे एक सरकारी इमारत होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. शिट्टी वाजली, एक पोलीस आला. फोटो मी तिथल्या तिथे पुसून टाकला. पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो वहीत आमच्या गाईडचं नाव लिहून घेत होता. गाईड हसतमुखाने उत्तरं देत होता आणि त्याच्या हातातली गाडीची किल्ली थरथरत होती. मी आठवड्याने घरी परतणार होतो. त्याला तिथेच राहायचं होतं.

त्या दिवसापासून मी एक पद्धत ठेवली आहे. रोज सकाळी गाडीत बसल्यावर विचारायचं, आज कुठे कॅमेरा बॅगेत ठेवू? तो नको म्हणाला की नको, कारण विचारत बसायचं नाही. राष्ट्राध्यक्षांचा महाल, सरकारी कचेऱ्या, पोलीस, सैनिक, विमानतळ, सीमेवरची ठाणी आणि रस्त्यावरची तपासणी नाकी यांचे फोटो काढायचे नाहीत, हे तर धरूनच चाला. मनाईची पाटी प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही.

पांढरं शहर

६ ऑक्टोबर १९४८ च्या भूकंपात जुनं अश्गाबाद जवळजवळ पूर्ण कोसळलं. आजचं शहर संगमरवरी आहे. २०१३ मध्ये गिनीज बुकाने इथल्या संगमरवराने मढवलेल्या ५४३ नव्या इमारतींची नोंद केली. एवढ्या पांढऱ्यासमोर कॅमेरा फसतो आणि फोटो करडा, मळका येतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश, दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). दुपारी भिंती नुसत्या चकाकतात, त्यांचा आकार दिसायला सूर्य कलावा लागतो. अंधार पडल्यावर रंगीत दिवे लागतात तेव्हा ट्रायपॉड न उघडता कॅमेरा कठड्यावर टेकवून काढा.

दरवाझाचा अग्निकुंड

अश्गाबादहून उत्तरेला सुमारे २६० किलोमीटर, वाळवंटातला खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता. दरवाझा म्हणजे आपला दरवाजाच. बाजार आणि दुकान हे शब्दही तुर्कमेन भाषेत आपल्यासारखेच सापडतात. सोव्हिएत काळात वायूच्या शोधासाठी खोदताना जमीन खचली आणि सुमारे ७० मीटर रुंदीचं विवर तयार झालं. ते अनेक दशकं जळतंय. अलीकडे ज्वाळा पुष्कळ मंदावल्या आहेत, तेव्हा जुने फोटो पाहून अपेक्षा बांधू नका.

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, नाहीतर उष्ण झोत थेट तोंडावर येतो. कडा ठिसूळ आहे, फार जवळ जाऊ नका. सूर्य मावळल्यावर आकाश गडद निळं असतं ती वीसेक मिनिटं सर्वांत मोलाची. एक्स्पोजर आगीवर धरा, सावल्या काळ्या राहू द्या. चौकटीत दूरवर एखादा माणूस हवाच, त्याशिवाय विवर केवढं आहे ते कळत नाही. लेन्स बदलायची ती गाडीत बसून.

वेळ असेल तर उत्तरेकडच्या कोन्ये-उर्गेंच या जुन्या शहराच्या अवशेषांकडे जा. तुराबेक हानूमच्या मकबऱ्यात जमिनीवर उताणं पडून घुमटाचा फोटो घ्या. मर्व या प्राचीन शहराच्या अवशेषांत सकाळचं तिरपं ऊन गाठा. १२२१ मध्ये मंगोलांनी उद्ध्वस्त केलेल्या या शहराच्या मातीच्या भिंतींवरच्या खाचा तेव्हाच उठून दिसतात.

माणसांचे फोटो

आधी सलाम, मग चहा, मग विचारणं. वाळवंटातल्या एका गावात एक आजी तंदुरात रोट्या लावत होत्या. जाड हातमोजा कोपरापर्यंत, कणकेचा गोळा थापून त्यावर टोचणीने नक्षी, मग अख्खा हात आत घालून भिंतीवर एक थाप. निघालेली रोटी त्यांनी मला दिली. मी ती चुकून उलटी ठेवली, तर त्यांनी न बोलता सुलटी केली. तुर्कमेन घरात रोटी उलटी ठेवत नाहीत, तुम्हीही ठेवू नका. फोटोसाठी त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला, तेवढा वेळ मी थांबलो. असा वेळ द्या. झटपट छापील फोटो देणारा छोटा कॅमेरा जवळ असेल तर एक प्रत तिथल्या तिथे देता येते.

परत आल्यावर फोटो टाकण्याआधी गाईडचा चेहरा, नाव आणि गाडीचा नंबर काढून टाका. कुणी राजकारणाविषयी काही बोललं असेल, तर त्या माणसाचा फोटो अजिबात टाकू नका. आजींचा चेहरा असलेला फोटो माझ्या घरच्या भिंतीवर आहे. लोकांना मी दाखवतो तो त्यांच्या हातांचा.