शहरात आधी काय बांधायचं? स्ट्रॅटेजी गेममधली इमारतींची निवड अशी रचा

स्वतःचा स्ट्रॅटेजी गेम करायला घेतला की पहिला हात जातो इमारतींच्या यादीकडे. धान्यकोठार, बाजार, ग्रंथालय, बराक, मंदिर... बघता बघता चाळीस नावं होतात. पण खेळणाऱ्याने शेवटी त्या चाळीसही बांधून टाकल्या, तर त्याने निवड केली कुठे? नुसता क्रम लावला. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि आधी ठरवा, की आपल्या शहरात टंचाई कशाची असणार.

जागेची, वेळेची की पैशाची? एक मुख्य धरा, बाकीच्या तिच्या मागे येऊ द्या. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये (२०१६) ती जागेची आहे. शहराची लोकसंख्या १ असताना कॅम्पस (विज्ञानासाठीचा), बाजारपेठ असा एकच खास डिस्ट्रिक्ट, म्हणजे नकाशावरचा एक अख्खा षटकोन व्यापणारा विभाग मिळतो, ४ झाली की दुसरा, ७ झाली की तिसरा. 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३'मध्ये (१९९९) ती वेळेची आहे: एका शहरात दिवसाला, म्हणजे खेळाच्या एका फेरीला, एकच इमारत.

या दुसऱ्या गेमचा हिशोब वहीत मांडून बघाच, मला त्यातून खूप शिकायला मिळालं. सुरुवातीला शहर दिवसाला ५०० सोनं देतं. २,५०० खर्चून टाउन हॉल बांधला की १,०००, पुढे ५,००० चा सिटी हॉल बांधला की २,०००. दोन्ही वेळा घातलेला पैसा पाच दिवसांत वसूल! मग सगळे डोळे झाकून हेच का करत नाहीत? कारण नव्या सैनिकांची भरती दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी होते आणि कॅसल (किल्ला) उभा असेल तर ती मूळच्या दुप्पट होते. कॅसललाही ५,००० सोनंच लागतं, वर थोडं लाकूड आणि खनिज. आता सातवा दिवस आहे, तिजोरीत जेमतेम ५,००० आहेत. सिटी हॉल बांधला तर उद्यापासून मिळकत वाढेल. कॅसल एक दिवस लांबला, तर अख्ख्या आठवड्याची वाढीव भरती हुकेल. शेजारचा शत्रू किती जवळ आहे, यावर उत्तर बदलतं. तुमच्या गेममध्ये असा सातवा दिवस कुठे येतो ते शोधा. येत नसेल तर किमती आणि मुदती हलवून तो आणा.

यानंतर यादीवर परत या आणि काट मारायला लागा. जी इमारत प्रत्येक जण प्रत्येक डावात पहिली बांधतो, ती निवड नव्हेच. माझ्या कागदी खेळात धान्यकोठाराचं तसं झालं होतं. पाच डाव झाले, पाचही वेळा सगळ्यांनी आधी तेच बांधलं. शेवटी ते मी शहराला सुरुवातीलाच देऊन टाकलं आणि पहिली खेळी एकदम जिवंत झाली. कोणीच बांधत नाही अशी इमारत मात्र लगेच काढू नका, तिचा फायदा आधी आजूबाजूच्या जमिनीशी जोडून बघा.

'सिव्हिलायझेशन ६'ने तेच केलं आहे. कॅम्पसला शेजारच्या प्रत्येक डोंगरामागे १ विज्ञान जास्त मिळतं, बाजारपेठेला नदीकाठ असेल तर २ सोनं. त्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी नदीकाठचा एखादा षटकोन आला, की दोघांचाही डोळा त्याच्यावर! सरसकट 'उत्पन्न १० टक्के जास्त' असं लिहिलं की ही मजा गेली, कारण मग नकाशाकडे बघायची गरजच उरत नाही. तिथे पुरा झालेला डिस्ट्रिक्ट काढताही येत नाही. इतकी पक्की निवड मागायची असेल, तर फायद्याचा आकडा बांधण्याआधी पडद्यावर दिसलाच पाहिजे. खेळणाऱ्याला अंधारात ठेवून फसवणं हा अन्याय आहे.

कोड लिहिण्याआधी हे सगळं कागदावर खेळून बघा. प्रत्येक इमारतीचं एक कार्ड, त्यावर किंमत आणि फायदा, टेबलावर डोंगर-नदीचा हाताने काढलेला नकाशा. दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत शहरं द्या आणि स्वतः गप्प बसा. कोणी कोणतं कार्ड उचललं, याच्याइतकंच कोणतं उचलून परत खाली ठेवलं तेही लिहा. दहाव्या फेरीला दोन्ही शहरांतली कार्डं शेजारी मांडा. दोन्हीकडे तीच असतील, तर नकाशा आणि किमती पुन्हा हातात घ्या.