इसबासोबत गजकर्ण किंवा खरूज असेल तर आधी काय लावायचं

इसब, गजकर्ण आणि खरूज हे तिन्ही एकाच माणसाच्या अंगावर असू शकतात, आणि आपल्याकडे मेडिकलमधून आणलेली एकच ट्यूब तिन्हींवर चोळली जाते. अशा मिश्र मलमात बहुतेक वेळा क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, पण गजकर्णाची बुरशी आत पसरत राहते, कारण स्टिरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबतं. मलम थांबलं की गजकर्ण आणखी मोठ्या भागावर उठतं आणि त्याची कडही ओळखू येत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असं मलम घेऊच नका.

भर उजेडात कपडे काढून नीट पाहा. इसबाची जागा कोपराच्या नि गुडघ्याच्या घडीत. कातडी कोरडी, जाड, कडा धूसर. गजकर्ण जांघेत, करदोड्याखाली, गोलाकार. कड उठलेली, मधला भाग निवळलेला. खरूज बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती असते, रात्री जास्त खाजते, आणि घरातलं आणखी कुणीतरी खाजवत असतं. फिकट चट्टा खाजत नसेल, तर डोळे मिटायला सांगून त्यावर कापसाची वात टेकवा. स्पर्श कळला नाही तर तो कुष्ठरोग असू शकतो, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. त्याची औषधं तिथं मोफत मिळतात. हे अजिबात लांबणीवर टाकू नका.

खरूज असेल तर पहिला नंबर तिचा. ५ टक्के परमेथ्रिन मलम रात्री, अंग कोरडं आणि थंड असताना, मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. बेचकी, नखांखाली, कमरेखालचा भाग सोडू नका. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅम लागतं. ८ ते १४ तासांनी आंघोळ, आणि ७ दिवसांनी पुन्हा एकदा. हात धुतले तर हातांवर परत लावा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. एक जण राहिला तर पुन्हा सगळ्यांना होते. त्या दिवशीचे कपडे, चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. नंतर २ ते ४ आठवडे खाज राहू शकते, म्हणून रोज परमेथ्रिन लावत बसू नका, त्यानं इसब भडकतो. लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गजकर्णावर बुरशी मारणारं नुसतं क्लोट्रिमाझोल (स्टिरॉइड नसलेलं), दिवसातून दोनदा, कडेच्या २ सेंटिमीटर बाहेरपर्यंत. डाग गेल्यावरही २ आठवडे चालू ठेवा. बहुतेकांचं इथंच फसतं. करदोडा ओला राहतो, म्हणून तो काढून ठेवा. टॉवेल वेगळा. मोठा भाग व्यापला असेल किंवा ३ आठवड्यांत फरक नसेल तर गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांकडूनच.

इसबावर डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड, पण गजकर्णाच्या डागाला ते लागू देऊ नका. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहऱ्याला १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन या सौम्य स्टिरॉइडपेक्षा तीव्र मलम मनानं लावू नका. खरं काम ओलाव्याचं: कोमट पाण्यानं ५–१० मिनिटांत आंघोळ आटपा, अंग टिपा, आणि ३ मिनिटांच्या आत व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल. मोहरीचं तेल नको, त्यानं कातडी चुरचुरते.

पापण्या, मान, हातांचा उघडा भाग एवढंच लाल होत असेल, आणि वावरात निंदण करताना वाढत असेल, तर गाजर गवताचा संशय घ्या. ते आजूबाजूला उभं असेपर्यंत मलमाचा उपयोग टिकत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला दुपट्टा, घरी आल्याबरोबर आंघोळ, आणि वावरातले कपडे वेगळे. इसब असलेल्यानं गवत उपटूच नये. दुसऱ्यानं हातमोजे घालून, फुलं यायच्या आधी उपटावं.

पिवळी खपली, पू, ताप, लाली भराभर पसरणं, किंवा एकाच मापाचे दुखरे फोड उठणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.