बफिंग केलेल्या धातूवर कोणता क्लिअर कोट? या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पितळेची नेमप्लेट बफवर, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या फिरत्या चाकावर, आरशासारखी चमकवणं लवकर हाताला बसतं. ती चमक टिकवायची कशी हे कळायला मात्र वर्षं जातात, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या दुसऱ्या गोष्टीचे. मी मेटल फिनिशिंगमध्ये काम करतो. नवीन मुलं-मुली सगळ्यात आधी विचारतात, 'सर्वात कडक कोट कोणता?' मी म्हणतो, कडकपणा नंतर बघू. उघड्या चकचकीत धातूवरचा कोणताही पारदर्शक थर कधी ना कधी सुटतो. तेव्हा तो कोण काढणार आणि कशाने काढणार, हे आधी ठरवा.

थर सुटतो याचं कारण साधं आहे. कोट पृष्ठभागाच्या खरखरीला धरून बसतो आणि बफिंगमध्ये आपण नेमकी तीच खरखर घालवतो. गाडीचा क्लिअर कोट रंगाच्या थरावर बसायला बनवलेला असतो, नुसत्या धातूवर नाही. मग कडेने, स्क्रूच्या भोकातून किंवा एखाद्या ओरखड्यातून ओल आत शिरते आणि थराखाली पसरत जाते. लोखंड आणि अॅल्युमिनियमवर तर थराखालून दोऱ्यासारख्या नागमोडी रेषा चालत जातात. याला फिलिफॉर्म गंज म्हणतात.

म्हणून पॉलिश केलेलं माइल्ड स्टील उघड्यावर लावायचं असेल, तर मी सरळ नाही म्हणतो. तिथे गंजाला अडवतात ती प्राइमरमधली झिंक फॉस्फेटसारखी पिगमेंट्स, आणि क्लिअर कोटात ती नसतात. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत गिऱ्हाइकाला 316 ग्रेडचं स्टेनलेस सुचवा, नाहीतर रंग द्यायला तयार करा. अॅल्युमिनियमला अॅनोडायझिंग, म्हणजे विजेने त्यावर ऑक्साइडचा थर वाढवणं, चांगलं. चमक किंचित मंदावते, पण तो थर धातूतूनच तयार झालेला असल्याने सोलून निघत नाही.

खरी निवड करावी लागते ती पितळ आणि तांब्यावर. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर स्वस्त, पटकन वाळणारा आणि थिनरने सहज निघणारा, पण उन्हात पिवळा पडतो. तो घरातल्या शोभेच्या वस्तूंसाठी ठेवा. टू-के पॉलियुरेथेन, म्हणजे मारण्याआधी त्यात हार्डनर मिसळावा लागतो असं दोन भागांचं, कडक असतं. दाराच्या मुठी, रेलिंग असं रोज हात लागणारं काम असेल तर तेच घ्यावं, मात्र हार्डनर अॅलिफॅटिक जातीचा आहे ना ते बघून, कारण अॅरोमॅटिक जातीचा उन्हात पिवळा पडतो. याची अडचण पुढे येते. एका कोपऱ्यात डाग पडला तरी साध्या थिनरने थर निघत नाही. स्ट्रिपर लावावा लागतो, पुन्हा बफिंग करावं लागतं.

माझा कल अॅक्रिलिक लॅकरकडे आहे. इनक्रालॅक हा त्यातला नावाजलेला लॅकर, तांब्याच्या धातूंसाठी 1960च्या दशकात तयार झालेला. त्यात बेन्झोट्रायझोल असतं. ते तांब्याशी जोडलं जाऊन काळेपणा रोखतं, म्हणजे थराला बारीक छिद्र पडलं तरी धातू काही काळ तग धरतो. वर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा हात दिला आणि वॅक्स दरवर्षी नव्याने लावलं, तर आतला लॅकर बराच जास्त टिकतो. आणि हा लॅकर सॉल्व्हेंटने पूर्ण निघतो. कोणता कोट मारला आणि तो कशाने निघतो, हे मी बिलावरच लिहून देतो.

कोट कोणताही असो, निम्मं काम आधीच्या सफाईत आहे. बफिंगच्या साबणातली चरबी नक्षीच्या खाचांत अडकून राहते. अॅसिटोनने धुवा, फडकी बदलत राहा, मग स्वच्छ पाणी ओता. पाणी अखंड पसरलं तर पृष्ठभाग साफ. थेंब थेंब झालं तर पुन्हा धुवा, आणि नीट वाळल्याशिवाय स्प्रे गन हातात घेऊ नका. इथून पुढे हातमोजे हवेतच. बोटाचा ठसा आज दिसत नाही, पण काही महिन्यांनी लॅकरखाली काळा होऊन उमटतो, आणि तेव्हा वरून काहीच करता येत नाही.

पावसाळ्यात एनसी किंवा अॅक्रिलिक मारताना थरावर दुधी झाक येते. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा, थिनर वापरा, जमलं तर कोरड्या दिवसाची वाट बघा. थर फार पातळ झाला तर तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात, म्हणून दोन-तीन हलके हात द्या.

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने एकदा दमा जडला, की पुढे अगदी थोड्या वाफेनेही तो उसळतो. कागदी मास्क इथे काहीच कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क मालकाकडे मागा, आणि तो नसेल तर ते काम घेऊ नका.

समईला मात्र कोट मारायला कुणी सांगितलं तरी मारू नका. ज्योतीपाशी थर करपतो आणि रोजच्या तेलाने चिकट होतो. पाणी प्यायच्या तांब्यालाही नाही, आतून तर कधीच नाही. ही भांडी चिंच-लिंबाने घासून वापरायची असतात.